आयसीयूतून हॉस्पिस नर्सिंगला जायचंय, कामाबद्दल थोडं विचारायचं होतं

नाइटड्युटी

जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा), मग पोस्ट बेसिक बीएस्सी. नऊ वर्षं मेडिकल आयसीयू, पुणे. व्हेंटिलेटर, आर्टेरियल लाइन, इनोट्रोप, डायलिसिसचं मशीन, सगळ्याला हात बसलाय. आता हॉस्पिसमध्ये (बरं न होणाऱ्या आजारात शेवटच्या काळाची काळजी घेणारी जागा) नाहीतर पॅलिएटिव्ह होमकेअरला (त्रास कमी करणारी तीच काळजी, घरी जाऊन) जायचं ठरवलंय. का जायचंय हा विषय इथे नको, धागा भलतीकडे जाईल.

विचारायचंय ते असं. आयसीयूच्या कुठल्या सवयी तिथे नडतात? "मन घट्ट लागतं" हे सगळेच सांगतात, त्यापुढचं हवंय. दुसरं, मॉर्फिन. आमच्याकडे फेंटानिल (मॉर्फिनसारखंच तीव्र दुखण्यावरचं औषध) पंपावर चालतं, तोंडाने मॉर्फिन द्यायचा सराव शून्य. तिसरं, आधी कोर्स की आधी नोकरी? आणि मुलाखतीत आपण काय विचारून घ्यायचं? पगार कमी असतो, ते ठाऊक आहे.

जाणकारांनी सविस्तर लिहावं, ही विनंती.

जुनी_परिचारिका

ताई, नऊ वर्षं आयसीयू काढलीत म्हणजे मनाचं मी काही सांगत नाही. अडचण येते ती हाताची. विचार करायच्या आधीच हात जिथे जातो, तिथे.

पहिलं, सक्शन, म्हणजे नळी घालून घसा ओढून साफ करणं. शेवटच्या एक-दोन दिवसांत घशात घरघर सुरू होते आणि आयसीयूचा हात सरळ सक्शन कॅथेटरकडे जातो. ती घरघर असते घशात साचलेल्या लाळेची. पेशंटला गिळायची, खोकायची शुद्ध राहिलेली नसते. त्रास बहुतेक वेळा त्याला होत नसतो, शेजारी बसून ऐकणाऱ्यांना होत असतो. खोल सक्शन केलं की लाळ आणखी सुटते, घसा सोलवटतो, कधी रक्त येतं आणि शांत पडलेला माणूस कण्हायला लागतो. त्याऐवजी कुशीवर वळवा, पाठीशी उशी द्या, तोंड जरा खालच्या बाजूला येऊ द्या. लाळ गालातून आपोआप बाहेर येते, ती गॉजने टिपा. सलाईन चालू असेल तर ते कमी करण्याबद्दल डॉक्टरांशी बोला, कारण निम्मी घरघर त्या सलाईनची असते. मग ऑर्डरप्रमाणे हायोसिन ब्युटाइलब्रोमाइड २० मिलिग्रॅम किंवा ग्लायकोपायरोलेट ०.२ मिलिग्रॅम कातडीखाली. ही औषधं नवी लाळ थांबवतात, साचलेली सुकवत नाहीत. म्हणून घरघर लागली की लगेच द्यायची. सकाळच्या राउंडची वाट बघत बसलात तर उपयोग नाही.

दुसरं, शीर शोधणं. केमो झालेल्या माणसाच्या दोन्ही हातांच्या शिरा दोरीसारख्या कडक झालेल्या असतात आणि तुम्ही चौथ्यांदा टोचत असता. हॉस्पिसमध्ये रस्ता कातडीखालचा. २४ नंबरची बटरफ्लाय (पंख आणि नळी असलेली बारीक सुई), छातीवर गळपट्टीच्या हाडाखाली, दंडाच्या बाहेरच्या बाजूला, पोटावर नाहीतर मांडीवर. कातडी चिमटीत धरायची, सुई तिरकी घालायची, नळीचा एक वेटोळा ठेवून वर पारदर्शक पट्टी, पट्टीवर तारीख. नळीत औषधाचा किती अंश अडकतो ते मोजून ठेवा (बहुतेक बटरफ्लायमध्ये अर्ध्या मिलिलिटरच्या आत), नाहीतर पहिला डोस नळीतच राहतो आणि "औषध लागू पडलं नाही" अशी नोंद होते. सूज, लाली, कडकपणा आला नाही तर जागा तीन दिवस, कधी आठवडाभरही टिकते. सुजलेल्या पायात, रेडिएशन दिलेल्या जागी, पाणी भरलेल्या पोटावर घालू नका, औषध शोषलंच जात नाही. पेशंट गोंधळलेला असेल, हाताला येईल ते ओढत असेल तर पाठीवर खांद्याच्या फऱ्यावर लावा.

मॉर्फिन, मिडाझोलाम (शांत करणारं, झोप आणणारं), हॅलोपेरिडॉल, हायोसिन, मेटोक्लोप्रमाइड कातडीखाली चालतात. डायझेपाम, फेनिटॉइन, क्लोरप्रोमाझिन चालत नाहीत, कातडी जळते. पाणी कमी पडत असेल तर नॉर्मल सलाईनही याच रस्त्याने जातं, एका जागी साधारण मिनिटाला एक मिलिलिटर, चोवीस तासांत लिटर-दीड लिटर. आयसीयूतून आलेल्यांचा यावर महिनाभर विश्वास बसत नाही.

तिसरं, मॉनिटर. तासाला बीपी घेऊन तुम्ही त्याचं करणार काय? ज्या आकड्यावर कृती करायची नाही तो आकडा घ्यायचा नाही. त्याच्या जागी येतं लक्षणांचं मोजमाप. एडमंटनचा तक्ता वापरतात. दुखणं, थकवा, झोपाळूपणा, मळमळ, भूक, धाप, उदासी, घालमेल आणि एकंदर बरं वाटणं, प्रत्येकाला शून्य ते दहा. पण सत्तरीच्या आजींना "दहापैकी किती?" विचारलंत तर त्या नुसत्या बघत राहतात. "रुपयातलं किती दुखतंय आजी, चार आणे, आठ आणे, का सोळा आणे?" असं विचारा, चटकन उत्तर येतं. बारा आणे म्हणजे साडेसात धरा. मात्र सगळ्या टीमने तोच हिशोब ठेवायला हवा, नाहीतर सकाळची सिस्टर आण्यात आणि रात्रीची दहात, तुलना करणार कशी?

ऑक्सिजनचं तेच. सॅच्युरेशन ९४ आहे, तरी धाप लागते. नळी लावल्याने नातेवाइकांना बरं वाटतं, पेशंटचं नाक कोरडं पडतं, बाकी काही नाही. टेबलफॅन गालावर आणि नाकाच्या बाजूला वारा लागेल असा ठेवा, खिडकी उघडा, खोलीतली माणसं कमी करा, पुढे वाकून उशीवर टेकायला द्या आणि मॉर्फिन २.५ मिलिग्रॅम चार तासांनी. ऑक्सिजन खरोखर कमी असेल तर जरूर लावा, सरसकट नको.

एक सवय मात्र आयसीयूचीच घेऊन या. पेशंट अचानक तडफडायला लागला, कपडे ओढायला लागला तर मिडाझोलामच्या आधी पोटावर हात ठेवा. मूत्राशय तटतटलंय का? कॅथेटर पिळवटलाय का? गुदद्वारात खडा अडकलाय का? निम्म्या "टर्मिनल ॲजिटेशन"चा (शेवटच्या दिवसांतल्या तडफडीचा) इलाज लघवीच्या फोलीज कॅथेटरने नाहीतर एनिमाने होतो. हे पद्धतशीर शोधणं तुम्हाला शिकवावं लागणार नाही.

गोळ्यांचा_हिशोब

मॉर्फिनबद्दल मी लिहितो, माझा प्रांत फार्मसीचा.

साधी गोळी १० मिलिग्रॅमची. चार तास टिकते म्हणून चार तासांनी, दुखो वा न दुखो. पहिल्यांदाच घेणाऱ्याला साधारण ५ मिलिग्रॅम, म्हणजे अर्धी गोळी. म्हाताऱ्या, बारीक किंवा किडनीचं काम कमी झालेल्या माणसाला २.५. वेळा सकाळी ६, १०, दुपारी २, संध्याकाळी ६ आणि रात्री १०. रात्री दहाला दुप्पट द्यायची, म्हणजे पहाटे दोनला कोणाला उठायला नको. घड्याळ वाचता न येणाऱ्या घरात कागदावर सूर्य, चूल, ताट, दिवेलागण, चंद्र अशी चित्रं काढून प्रत्येकाखाली गोळी चिकटवलेली कागदी पुडी द्या. चुका कमी होतात.

आता हिशोब. १० मिलिग्रॅमची गोळी चार वेळा म्हणजे ४०, रात्रीची दुप्पट २०, दिवसाचे ६०. मधे दुखलं तर द्यायचा जादा डोस दिवसाच्या एकूणच्या सहाव्या भागाइतका, म्हणजे १०. समजा काल असे तीन जादा लागले. एकूण झाले ९०. आजपासून नियमित डोस १५, म्हणजे दीड गोळी, आणि जादा डोसही आता १५. नियमित वाढवून जादा तेवढाच ठेवणं ही नेहमीची चूक. दुसरी चूक म्हणजे दुखणं थांबलं म्हणून घरचे परस्पर गोळी बंद करतात आणि दोन दिवसांनी घाम, जुलाब, बेचैनी घेऊन येतात.

तोंडाने घेता येईना झालं की कातडीखालचा डोस तोंडाच्या निम्मा. दिवसाचे ६० असतील तर ३०, म्हणजे चार तासांनी ५. इथे लेबल वाचा, हात जोडून सांगतो. आपल्याकडे एक मिलिलिटरची ॲम्प्यूल १० मिलिग्रॅमचीही येते आणि १५ मिलिग्रॅमचीही. "अर्धी ॲम्प्यूल" अशी तोंडी ऑर्डर घेऊच नका, मिलिग्रॅममध्येच बोला.

मॉर्फिन लिहिलं आणि सोबत पोट साफ होण्याचं औषध लिहिलं नाही, तर ती ऑर्डर अर्धवट समजा. बायसाकोडिल किंवा सेना रात्री, लागलं तर लॅक्टुलोज. मळमळ पहिले काही दिवस येते आणि जाते, तेवढ्यापुरतं मेटोक्लोप्रमाइड किंवा थोडं हॅलोपेरिडॉल. बद्धकोष्ठ मात्र जात नाही. आणि त्यातला फसवा प्रकार असा: आत खडा अडकलेला, त्याच्या बाजूने पातळ शौच झिरपतं. घरचे म्हणतात जुलाब लागलेत, केमिस्टकडून लोपेरामाइड आणून देतात. बोट घालून तपासल्याशिवाय कॅन्सरच्या पेशंटचे जुलाब थांबवायचे नाहीत.

फेंटानिल तुमच्या ओळखीचं, पण पॅच हा वेगळाच प्राणी. लावल्यावर पूर्ण लागू पडायला १२ ते २४ तास जातात, म्हणून पहिल्या दिवशी आधीचं औषध सोबत चालू ठेवावं लागतं. तीन दिवसांनी बदलायचा. काढला तरी कातडीतला साठा पुढचा बराच वेळ उतरत राहतो. २५ मायक्रोग्रॅमचा "सगळ्यात लहान" दिसणारा पॅचसुद्धा तोंडाच्या मॉर्फिनच्या दिवसाला ६० ते ९० मिलिग्रॅमइतका आहे, तेव्हा ज्याने कधी ओपिऑइड (मॉर्फिनच्या गटातलं औषध) घेतलंच नाही त्याला तो लावू नये. ताप आला, गरम पाण्याची पिशवी ठेवली, उन्हात बसवलं की पॅचमधून औषध जास्त सुटतं. मालिशवाल्या बाईला पाठीवर पॅच आहे हे सांगून ठेवा.

कायद्याचं थोडक्यात. २०१४ च्या दुरुस्तीनंतर एनडीपीएस (अमली पदार्थांच्या) कायद्यात मॉर्फिन, फेंटानिल, मेथाडोन, कोडीन, ऑक्सिकोडोन, हायड्रोकोडोन ही सहा औषधं "अत्यावश्यक" गणली जातात. राज्याच्या औषध नियंत्रकाकडून मान्यता मिळालेली संस्था ती ठेवू शकते. नर्सच्या वाट्याला येतो तो साठा: दुहेरी कुलूप, दोन किल्ल्या दोघांकडे, दर पाळीला मोजणी, दोन सह्या. फुटलेली ॲम्प्यूल, अर्धी उरलेली ॲम्प्यूल, पेशंटने थुंकलेली गोळी, सगळं रजिस्टरमध्ये. खाडाखोड करायची नाही, आडवी रेघ मारून सही. पेशंट गेल्यावर घरी उरलेल्या गोळ्या मोजून परत घ्यायच्या आणि पोच द्यायची.

नाइटड्युटी

दोघांचे आभार. आण्यांचा हिशोब वाचून गंमत वाटली, ते खरंच वापरणार.

एक शंका. श्वास कमी झाला, बाहुल्या बारीक, तर आम्ही नॅलोक्झोन (मॉर्फिनचा उतारा) पूर्ण ॲम्प्यूल देतो. हॉस्पिसमध्येही तसंच का?

गोळ्यांचा_हिशोब

तसं करू नका. बाहुल्या बारीक असणं हे मॉर्फिन चालू असल्याचं लक्षण, जास्त झाल्याचं नव्हे. हाक मारल्यावर उठत असेल आणि श्वास १० असेल तर पुढचा डोस थांबवून लक्ष ठेवतात, बस. श्वास आठच्या खाली, उठवूनही उठत नाही, नीळसर पडतोय, तेव्हाच. ४०० मायक्रोग्रॅमची ॲम्प्यूल सलाईन घालून १० मिलिलिटर करायची. त्यातलं अर्धा मिलिलिटर, म्हणजे २० मायक्रोग्रॅम, दर दोन मिनिटांनी श्वास सुधारेपर्यंत. शुद्धीवर आणायचं नाही, फक्त श्वास सुरू करायचा. पूर्ण ॲम्प्यूल एकदम गेली तर महिनाभर दाबून ठेवलेलं दुखणं एका मिनिटात उसळतं आणि मग बराच वेळ कशालाच दाद देत नाही. शिवाय नॅलोक्झोन मॉर्फिनच्या आधी उतरतं, त्यामुळे श्वास सुधारला तरी पुढे बघत राहा.

आणि हे कोणाला लागतं ते लक्षात ठेवा. डोस बरोबर वाढवलेल्या पेशंटला सहसा नाही. जास्त करून किडनी बसलेल्याला. लघवी कमी झाली की मॉर्फिनचे अंश साचतात. आधी झोपाळूपणा, मग हातपाय झटकन उडणं, मग भास. हातातला पेला सांडायला लागला की क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) बघायला सांगा. शेवटच्या तासांतला मंद, अडखळत श्वास ही वेगळी गोष्ट, त्याला नॅलोक्झोन द्यायचंच नाही.

पिशवी_खांद्याला

होमकेअरचं कोणी लिहिलेलं दिसत नाही म्हणून लिहिते. वॉर्डात बेल दाबली की मावशी येतात. घरी तुम्ही आठवड्यातून एक-दोनदा जाणार, बाकीचे एकशेसाठ तास सून, मुलगा नाहीतर शेजारीण. म्हणून होमकेअरच्या नर्सचं खरं काम शिकवणं. भरलेली सिरिंज बटरफ्लायला लावून हळू दाबणं, कूस बदलणं, पिशवी रिकामी करणं, तोंड पुसणं. आपण एकदा करून दाखवायचं, मग त्यांच्याकडून आपल्यासमोर दोनदा करवून घ्यायचं. नुसतं "समजलं ना?" विचारलं की सगळे हो म्हणतात.

जखमा. आयसीयूत तुम्ही बेडसोअर बघितलेत, पण कॅन्सरची फुटलेली गाठ बहुधा नाही. गालाची, छातीची, मानेची. तिथे भरून येईल या हिशोबाने ड्रेसिंग करायचं नसतं. वास, रक्त, स्राव, दुखणं एवढं आटोक्यात ठेवायचं. निघण्याआधी फोन करून जादा डोस अर्धा-पाऊण तास आधी द्यायला सांगा. जुनं गॉज ओढू नका, मिठाच्या पाण्याने भिजवून सैल होऊ द्या. हे पाणी घरीच होतं: अर्धा लिटर पाणी, एक सपाट चहाचा चमचा मीठ, दहा-पंधरा मिनिटं उकळून झाकून निववायचं. डेटॉल, स्पिरिट, हायड्रोजन पेरॉक्साइड गाठीवर नाही. वास येतो तो ऑक्सिजनशिवाय वाढणाऱ्या जंतूंचा. मेट्रोनिडॅझोलच्या गोळ्या कुटून बारीक पूड करा, गोळीवरचं आवरण चाळून काढा आणि पूड जखमेवर भुरभुरा. दोन-तीन दिवसांत शेजारची माणसं पुन्हा खोलीत येऊन बसायला लागतात. रोज एकदा, स्राव फार असेल तर दोनदा. बाहेरून सॅनिटरी पॅड हे सगळ्यात स्वस्त आणि चांगलं शोषक ड्रेसिंग.

अळ्या पडल्या तर घरचे हादरतात, कोणाच्या तरी पापाचा विषय निघतो. शांतपणे सांगा, माशी बसली, अंडी घातली, बाकी काही नाही. टर्पेंटाइनमध्ये भिजवून पिळलेलं गॉज जखमेच्या तोंडाशी दहा मिनिटं धरा, अळ्या वर येतात, चिमट्याने काढा. डोळ्याजवळ आणि तोंडाच्या आतल्या जखमेला हे करायचं नाही. मच्छरदाणी लावायला सांगा, दुपारीसुद्धा. पुढचे दोन-तीन दिवस रोज बघायचं, एका बैठकीत सगळ्या निघत नाहीत.

रक्त. गॉजवर ॲड्रिनलीन घालून दहा मिनिटं दाबणं, ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडची गोळी कुटून लावणं, सुक्राल्फेटची लापशी, हे झिरपणाऱ्या रक्ताला. मानेच्या गाठीची रक्तवाहिनी फुटली तर ते थांबत नाही, मिनिटांचा खेळ असतो. अशा घरात आधीच गडद रंगाचा टॉवेल किंवा चादर (मरून, गडद हिरवी) उशाशी ठेवायची आणि मिडाझोलाम भरून ठेवायचं. रक्त पांढऱ्या चादरीवर पसरलं की ते चित्र त्या घरातून कधी जात नाही. त्या वेळी एकाने पेशंटचा हात धरून बसायचं, धावपळ दुसऱ्याने करायची. कोण काय करणार ते आधी ठरवून घ्या.

खाणं हा मोठा विषय. "उपाशी ठेवलं असं लोक म्हणतील", म्हणून आजी पेज भरवत राहते आणि ती श्वासनलिकेत जाते. भूक नसणं हा आजाराचाच भाग, आपण न भरवल्याने माणूस जात नाही, हे घरातल्या सगळ्यात मोठ्या बाईला आधी पटवा. बाकीचे तिचं ऐकतात. आणि तिच्या हाताला काम द्या: ओठाला तूप, ओल्या गॉजने जीभ पुसणं, बर्फाचा छोटा खडा. गंगाजल, तुळशीचं पाणी घालायचं असतंच, त्याला नाही म्हणू नका. डोकं कुशीला वळवून ड्रॉपरने दोन-तीन थेंब. पळीभर ओततात तेव्हा ठसका लागतो. काही घरांत शेवटी खाली जमिनीवर घेतात. तेव्हा लघवीची पिशवी शरीरापेक्षा खाली राहील असं बघा आणि उचलताना बटरफ्लाय निघणार नाही अशी चिकटवा. मुसलमान घरात किब्लाकडे तोंड करून झोपवायचं असतं. ख्रिस्ती घरात फादरना कधी बोलवायचं ते आधी विचारून ठेवा. शुद्ध असताना आलेले त्यांना बरे वाटतात.

आता कागद. घरी मृत्यू झाला तर मृत्यूचं कारण लिहून देणारा डॉक्टर लागतो (घरच्या मृत्यूला फॉर्म ४ए, दवाखान्यातल्याला ४), आणि नोंद २१ दिवसांत. नर्सने हा दाखला द्यायचा नसतो. रात्री तीनला माणूस गेला आणि डॉक्टर ठरलेला नसेल तर घाबरून मोठ्या दवाखान्यात नेतात, तिथे "आणण्यापूर्वी मृत्यू" म्हणून नोंद होते आणि पोलीस, शवविच्छेदन असा फेरा लागू शकतो. म्हणून फॅमिली डॉक्टर कोण, रात्री येतील का, दुसरा पर्याय कोण, हे तब्येत उतरायला लागली की लिहून फ्रिजवर चिकटवायचं. सोबत आजाराच्या फाइलची झेरॉक्स. पेसमेकर असेल तर दहनाआधी काढावा लागतो, तो फुटतो, हेही त्याच कागदावर. नेत्रदान करायचं असेल तर सहा तासांच्या आत. ल्युकेमिया, लिम्फोमा सोडले तर बहुतेक कॅन्सरमध्ये चालतं. पंखा बंद, पापण्या मिटून वर ओला कापूस, डोक्याखाली उशी.

अर्धवटराव

आयसीयूवाल्यांना घेऊ नये असं माझं मत. काम दिसलं नाही की ते अस्वस्थ होतात, मग उगाच रक्त तपासायला पाठवतात. मेडिसिन वॉर्डची किंवा कम्युनिटीची सिस्टर बरी.

जुनी_परिचारिका

अर्धवटराव, अस्वस्थ होतात हे खरं, पुढचं नाही पटलं. रात्री दोनला पोटात कळ आली, उलटीला शौचाचा वास येतोय, पोट फुगलंय, हे आतडं अडकल्याचं लक्षण ओळखून डॉक्टरांना नेमक्या चार वाक्यांत फोनवर सांगणारी सिस्टर आयसीयूचीच जास्त सापडते. त्या पेशंटला मेटोक्लोप्रमाइड द्यायचं नाही (आतडं पूर्ण बंद असेल तर कळा वाढतात), हायोसिन आणि हॅलोपेरिडॉलकडे जायचं, डेक्सामेथासोन (स्टेरॉइड) दिलं तर दुपारच्या आत, नाहीतर रात्रभर झोप नाही. हे सगळं औषधांची चांगली जाण असलेल्या माणसाला आठवड्यात येतं. गप्प बसता येणं मात्र शिकावं लागतं, तिथे तुमचं बरोबर.

ताई, त्यावरही लिहिते. पेशंट विचारतो, "सिस्टर, मी बरा होईन ना?" तोंडात तयार असतं, "काळजी करू नका, सगळं ठीक होईल." ते गिळायचं. "तुम्हाला काय वाटतंय?" असं विचारायचं, खुर्ची ओढून बसायचं आणि निदान दहापर्यंत मनात मोजायचं. बहुतेक जण सात-आठला बोलतात. नातेवाईक दारातच अडवतात, "त्यांना कॅन्सर सांगू नका हं." त्यांच्याशी भांडू नका आणि वचनही देऊ नका. "मी आपणहून सांगणार नाही, पण त्यांनी विचारलं तर खोटं बोलणार नाही", एवढं पहिल्याच दिवशी स्पष्ट करा. मग विचारा, सांगितलं तर काय होईल अशी भीती वाटते? तिथून खरं बोलणं सुरू होतं. किती दिवस उरलेत असं विचारलं तर तारीख देऊ नका. "महिन्यांची गोष्ट राहिली नाही, आठवड्यांची आहे" किंवा "आता दिवस मोजायचे", असं टप्प्यात सांगतात, तेही डॉक्टरांशी बोलून, म्हणजे दोन तोंडांतून दोन उत्तरं जात नाहीत.

मिरज_लोकल

कोर्सबद्दल. पॅलियम इंडिया (तिरुवनंतपुरम) नर्सेससाठी सहा आठवड्यांचा बेसिक कोर्स चालवते. इंडियन असोसिएशन ऑफ पॅलिएटिव्ह केअरचा सर्टिफिकेट कोर्सही आहे, नोकरी सांभाळून होतो. बॅच आणि फी बदलत असते, थेट त्यांनाच विचारा. माझ्या मते निव्वळ ऑनलाइनवर थांबू नका. प्रत्यक्ष पेशंटजवळचे दहा दिवस नसतील तर बटरफ्लाय आणि बोलणं दोन्ही कच्चं राहतं.

जागा: मुंबईत वांद्र्याचं शांती आवेदना सदन, १९८६ पासून, देशातलं पहिलं हॉस्पिस. गोव्यात लोटलीला त्यांची शाखा आहे. पुण्यात वारज्याचं सिप्ला पॅलिएटिव्ह केअर सेंटर, १९९७ पासून. मुंबईत टाटा मेमोरियलचा पॅलिएटिव्ह विभाग, त्यांची होमकेअर टीम आहे, आणि पालकेअर ही संस्था नुसतं होमकेअर करते. सरकारीत असाल तर जिल्हा रुग्णालयात २०१२ च्या राष्ट्रीय कार्यक्रमाखाली पॅलिएटिव्हचं काम चालतं का ते सिव्हिल सर्जनच्या ऑफिसात विचारा. बदली मागता येते, राजीनाम्याची घाई नको. पुण्यातच आहात तर सुट्टीच्या दोन-तीन दिवशी परवानगी काढून नुसतं बघून या. मुलाखतीत तेही सांगता येतं.

नाइटड्युटी

वाचनखूण साठवली. मुलाखतीत विचारायचे प्रश्न मी असे काढलेत: रात्रीचा फोन कोण घेतं? मॉर्फिनची मान्यता संस्थेकडे आहे का? नव्या सिस्टरला किती दिवस सोबत पाठवतात? काही राहिलं?

पिशवी_खांद्याला

हो. दिवसाला किती घरं? शहरात चार-पाच म्हणजे नीट, सात-आठ म्हणजे नुसतं बीपी घेऊन पळणं. गाडी संस्थेची की तुमची स्कूटी, पेट्रोल कोण देतं? एकटीला पाठवतात का, विशेषतः संध्याकाळी? डॉक्टर फोनवर ऑर्डर देतात तेव्हा ती नंतर लेखी कधी होते? टीममध्ये सोशल वर्कर आहे का? नसेल तर रेशन कार्डापासून महात्मा फुले योजनेच्या कागदांपर्यंत सगळं तुमच्या अंगावर येतं. पेशंट गेल्यावर घरच्यांना भेटायला जायला वेळ देतात का, की दुसऱ्या दिवशी त्या वेळेत नवा पेशंट?

आणि भरून ठेवलेल्या सिरिंजवर काय लिहितात, ते एकदा त्यांचा फ्रिज उघडून बघा. औषध, मिलिग्रॅम, तारीख, वेळ, सही. यातलं काही नसेल तर त्या संस्थेत आधी तेवढं लागू करून घ्या, मग रुजू व्हा.

नाइटड्युटी

फ्रिज उघडायला देतील का मुलाखतीत?

जुनी_परिचारिका

वॉर्ड दाखवा म्हणा, औषधांच्या खोलीपाशी आलात की विचारा. चांगल्या इन्चार्जला हा प्रश्न आवडतो.